मायच्या वाट्याचं पाकीट

बोदलकसा
२४ ऑगस्ट २०२४

चि. ओमेश्वरी,

उदारामच्या भाजीच्या टेम्पोतून चाळीस कणसं पाठवते आहे. पत्र वरच ठेवलं आहे, तळाशी गेलं तर ओलं होईल. मिळालं म्हणून फोन करू नकोस. तू ओरडतेस, मला नुसतं घूं घूं ऐकू येतं, आणि मग तुझे बाबूजी मध्ये पडून अर्धंच सांगतात. कान गेल्यापासून मला तुझं पत्रच बरं. चौथीपर्यंत शिकले ते आता कामी येतं आहे. बोलते आपली बोली, पण लिहायला बसले की गुरुजींची भाषा येते, तुला हसू येत असेल तर हस.

घरामागच्या बाडीतला गोड मका यंदा माझ्या डोक्याहून उंच झाला. रानडुकरांनी एक ओळ लोळवली, म्हणून बाबूजींनी माझी जुनी लुगडी काढून कुंपणाला बांधली. लांबून बघितलं की दहा तुलसाबाई बाडीत उभ्या आहेत असं दिसतं. डुकरं आता फिरकत नाहीत, त्याचा अर्थ काय घ्यायचा तो तू घे.

मागच्या वर्षी तू दाणे कच्चेच बर्फात कोंबलेस आणि दिवाळीपर्यंत त्यांचं लाकूड झालं. यंदा कुणाला तरी विचारून नीट कर. मला विचारू नकोस, आम्ही मका खाल्ला तो तोडला त्याच दिवशी, निखाऱ्यावर भाजून.

आणि दरवर्षीसारखं दाण्यांचं एक पाकीट माझ्या नावाचं ठेव. मी खाणार नाही हे तुलाही माहीत आहे. लेकीच्या घरी लेकरू होईपर्यंत तिच्या मायबापानं तिथलं अन्नपाणी घ्यायचं नाही. माझ्या मायनं पाळलं, मीही नऊ वर्षं पाळते आहे. तू चिडतेस. चीड, पण पाकीट ठेव.

तुझी माय

*

फुलचूर
२६ ऑगस्ट २०२४

माय,

आधी मक्याचं सांगते, दुसरं नंतर. दुसरं आधी सांगितलं तर मक्याचं तू वाचणारच नाहीस.

माझ्या शिलाईच्या वर्गात अल्का म्हणून एक जण येते, तिनं शिकवलं. कणसं सोलायची, केस जुन्या मऊ ब्रशनं काढायचे. मोठ्या गंजात पाणी खळखळ उकळलं की कणसं आत सोडायची आणि घड्याळ लावून पाच मिनिटं ठेवायची. शिजवायचं नाही, नुसता कच्चेपणा मोडायचा. मग लगेच बर्फाच्या पाण्यात, तीही तितकीच मिनिटं, नाहीतर आतल्या आत शिजत राहतात. मग सुती कापडावर कोरडी करायची. कणीस उभं धरून सुरीनं वरून खाली दाणे उतरवायचे, फार खोल गेलं की बुडखा येतो. पाकिटात भरून हातानं चपटं करायचं, हवा सगळी काढायची, वर तारीख लिहायची. आठ-दहा महिने काही होत नाही म्हणाली. माझी चूक ही की मी गरम पाणी दाखवलंच नव्हतं.

तुझीही एक चूक आहे. कणसं तू आदल्या संध्याकाळी तोडतेस. तोडल्या घडीपासून गोडी उतरायला लागते. पुढच्या वेळी पहाटे तोड.

आता दुसरं. मला दिवस गेले आहेत. दोन महिने झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मार्चच्या शेवटी. हे तर चार दिवस राइस मिलमध्ये जाऊन नुसते हसतात म्हणे, कामात लक्ष नाही.

माय, तुला आठवतं, तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात तू आली होतीस? घरून पाण्याची बाटली आणली होती. ती संपली, तेव्हा तू माझ्या घरातून उठून शेजारच्या निर्मलाबाईंकडे पाणी प्यायला गेलीस. मी दारात तांब्या घेऊन उभी होते. तुझ्यावर मी कधी इतकी रागावले नाही. तो तांब्या आता घासून ठेवते. या वर्षीचं तुझं पाकीट खरं पाकीट आहे. ते तू माझ्याच घरी, माझ्याच हातचं खाणार.

ओमेश्वरी

*

बोदलकसा
८ सप्टेंबर २०२४

माझी सोन्याची ओमू,

पत्र बाबूजींना वाचून दाखवलं. ते बैलांना ढेप टाकायला गेले आणि दुपारपर्यंत गोठ्यातच होते. परत आले तर डोळे लाल. म्हणे कुटार गेलं डोळ्यात.

ही कणसं आज पहाटेची आहेत. उदाराम कानाशी येऊन कुरकुरला, "माय, अंधारात कायले मका तोडून राहिली? साप-विंचू असते." मी म्हटलं, "माही लेक सांगते, गोडी उतरते म्हणून." बॅटरी घेऊन त्यालाच बाडीत उभं केलं.

आज भरशील त्यातलंच माझं पाकीट कर. आणि ऐक, मला भाजी-बिजी करून घालू नकोस. जवसाच्या तेलात जिरं, ठेचलेला लसूण, एक हिरवी मिरची, त्यात दाणे परतायचे, बस. सोबत भात. तुझ्या घरी मी पहिल्यांदा जेवणार, तेव्हा पाटावर बसेन. खुर्ची-टेबल मला नको.

पोळ्याचे वडे जरा जास्त झाले, पोट फुगल्यासारखं वाटतं. ओवा खाते आहे. तू जड उचलू नकोस. कणसांचं पोतं जवाईबापूंनाच आत घ्यायला लाव.

तुझी माय

*

फुलचूर
६ ऑक्टोबर २०२४

माय,

उत्तराला उशीर झाला. वर्गात काम होतं.

तुझं पाकीट भरलं आहे. त्याच्यावर "माय, ८ सप्टेंबर" असं लिहिलं आहे. बर्फाच्या खणात सगळ्यात खाली ठेवलं, म्हणजे चुकून कुणी काढणार नाही. बाकीची नऊ पाकिटं झाली.

मी बरी आहे. डॉक्टरीणबाईंनी प्रवास नको म्हटलं आहे, म्हणून दिवाळीला येणार नाही. तूही इतक्यात येऊ नकोस, रस्ता खराब आहे. आणखी कणसं पाठवू नकोस. जागा नाही.

ओमेश्वरी

*

बोदलकसा
१० नोव्हेंबर २०२४

चि. ओमेश्वरी,

दिवाळीला आली नाहीस ते बरंच केलंस. अशा दिवसांत गाडीचे धक्के नकोत.

अक्षर वाकडं आलं आहे, चष्म्याची एक काडी मोडली आहे. आम्ही दोघं आठ दिवस नागपूरला होतो, बाबूजींच्या मावसभावाकडे लग्न होतं. जेवण चांगलं होतं.

एक गोष्ट लिहायची म्हणून पत्र काढलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, सातव्या महिन्यात मी तुला आणायला यायला हवं. पण मी विचार केला की इथं दवाखाना लांब, वेळेला गाडी मिळेल न मिळेल. तू फुलचूरलाच राहा, गोंदियाचा दवाखाना जवळ आहे. लोक बोलतील, "तुलसाले लेकीचं जड झालं," तर बोलू दे. बाळ झालं की मी येईनच, जेवायला.

तुझ्या आवडीची बोरं वाळवून ठेवली आहेत. घराला रंग द्यायचा म्हणाले होते बाबूजी, पुढच्या वर्षी देऊ म्हणाले.

तुझी माय

*

फुलचूर
१२ डिसेंबर २०२४

माय,

तू म्हणतेस तसंच करू. मी इथंच राहते. ओटी भरायचं सासरचे इथंच बघतील, तू त्यासाठी धावपळ करू नकोस.

बाळ आता हलतं. कधी कधी लाथ मारतं.

थंडी पडली आहे. कान बांधून बस.

ओमेश्वरी

*

बोदलकसा
१४ जानेवारी २०२५

चि. ओमेश्वरी,

हे अक्षर बाबूजींचं आहे, बोलते मी आहे. बोटं थंडीनं आखडली आहेत.

मार्चचा शेवट म्हणजे अजून किती दिवस, ते मोजायला लावलं तर बाबूजी पंच्याहत्तर म्हणतात. मका तोवर टिकेल ना? लाइट जात असेल तर पाकिटाभोवती गोधडी गुंडाळत जा.

तुला हसू येईल, पण हल्ली मला फार खावंसं वाटतं तुझ्या हातचं. काल वाटलं, जाऊन दोन घास खाऊनच यावं, कोण बघतं. मग म्हटलं, नऊ वर्षं पाळलं, आता पंच्याहत्तर दिवसांसाठी कशाला मोडायचं. माझ्या मोडण्यानं बाळाला काही झालं तर?

लाथ उजवीकडून मारतं की डावीकडून, ते लिहिलं नाहीस.

तुझी माय

*

फुलचूर
२० जानेवारी २०२५

माय,

बाबूजींचं अक्षर बघितलं आणि पत्र तिथंच दारात उभ्यानं वाचलं. अंगात ताप असला तरी तू स्वतः लिहितेस. तुला काय झालं आहे ते मला कळव. पण त्याआधी माझं ऐक, आज लिहिलं नाही तर मी कधीच लिहिणार नाही.

बाळ नाही, माय. २१ सप्टेंबरला गेलं. तुझं पाकीट भरलं त्याला तेरा दिवस झाले होते. लाथांचं मी खोटं लिहिलं. ओटीचंही खोटं. सासरच्यांना मी हात जोडून सांगितलं की बोदलकसाला काही कळू देऊ नका.

का खोटं बोलले, ते सांगते. तू पाटावर बसेन असं लिहिलं होतंस. ते पत्र दवाखान्यातून आल्यावर मी पुन्हा वाचलं, आणि मला एवढंच सुचलं की आता माय जेवायला येणार नाही. बाळ गेल्याचं दुःख होतंच. पण तू पुन्हा बाटली घेऊन येशील आणि निर्मलाबाईंकडे पाणी प्यायला जाशील, हे माझ्यानं सहन झालं नसतं. वाटलं, मार्चच्या आधी पुन्हा दिवस जातील, मग तारखा मागंपुढं करून सांगू. इतकी मी मूर्ख झाले होते.

बाळंतपणाला बोलवत नाही असं तू लिहिलंस, तेव्हा मला विचारायला हवं होतं की का. तू मला बोलवणार नाहीस असं होईलच कसं? पण मी सुटले म्हणून खूश झाले. खोटं उघडं पडलं नाही एवढंच मी बघितलं. त्याची मला आता लाज वाटते.

माय, नियम राहू दे. माझ्या घरी लेकरू नाही आणि कदाचित होणारही नाही. तशीच ये. पाकीट आहे तिथंच आहे. तू येऊ शकत नसशील तर मी डब्यात घेऊन येते, पण तू माझ्या घरी बसून खावंस असं मला फार वाटतं. एकदाच.

ओमेश्वरी

*

बोदलकसा
१६ फेब्रुवारी २०२५

चि. ओमेश्वरी,

तुझ्या मायनं लिहायची सवय लावली म्हणून मीही लिहितो. फोनवर माझ्यानं बोलवत नाही. तू आलीस त्या तेरा दिवसांत घर माणसांनी भरलं होतं, तुला बाजूला घेऊन सांगावं असा क्षण सापडला नाही. खरं सांगायचं तर मी सापडू दिला नाही.

नागपूरला लग्न नव्हतं. पोटात गाठ होती. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. तिनं मला आणि उदारामला शपथ घातली, "पोरगी दोन जिवाची हाय, तिच्या कानावर गेलं तर माह्या मेल्याचं तोंड पाहाल." ती तुझ्या बाळासाठी गप्प बसली आणि तू तिच्यासाठी. मी मध्ये बसून दोघींची पत्रं वाचत होतो. मला तरी अक्कल हवी होती.

तुझं पत्र उदारामनं २१ तारखेला आणलं. तिच्या कानाला तोंड लावून वाचलं. तिनं दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "पोरगी एकटीच रडली असंन. मी तिच्या घरचं घोटभर पाणी पेली असती तर काय आभाळ पडलं असतं का जी?"

तो नियम माझ्याही घरचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "टेम्पो आणा. फुलचूरले जाऊ. मले ओमूच्या हातचं खायचं हाय." मी म्हटलं, तिलाच बोलावू. म्हणाली, "नाही. तिच्या घरी." उदारामनं टेम्पोत तणस पसरली, वर गाद्या घातल्या. तिनं हिरवं लुगडं काढायला लावलं. कुंपणाला बांधलेल्यांपैकी नव्हे, पेटीतलं. बाटली भरून घेत होतो तर माझ्या हातातून काढून खाली ठेवली. "आज बाटली कायले?" म्हणाली.

तिरोडा ओलांडून थोडं पुढे गेलो. माझ्या मांडीवर डोकं होतं. विचारलं, "किती राह्यलं?" मी म्हटलं, "आलंच." त्यानंतर ती बोलली नाही.

तुला मी सांगितलं की घरी गेली. घरी नाही गेली, तुझ्या वाटेवर गेली. उदाराम गाडी थांबवून म्हणाला, "मामा, समोर जाऊ का मागं?" अर्ध्या तासाची वाट होती. मेलेल्या मायला लेकीच्या दारात कसं न्यायचं, असं मला वाटलं. मी गाडी वळवायला सांगितली. तेव्हापासून रोज ती गाडी मी वळवतो आहे. न्यायला हवं होतं. तिला तुझ्या ओट्यावर तरी ठेवायला हवं होतं.

एवढंच विचारायचं होतं की ते पाकीट आहे का अजून.

झामसिंग

*

फुलचूर
९ एप्रिल २०२५

बाबूजी,

तुमच्या पत्राला दोन महिने उत्तर दिलं नाही. चारदा लिहायला बसले. तुमच्यावर राग होता, मग मायवर, मग तो सगळा फिरून माझ्याकडेच आला. गाडी वळवायला मीच लावली, बाबूजी. खरं सप्टेंबरात लिहिलं असतं तर माय चालत आली असती.

पाकीट आहे. बाकीची नऊ संपली, काही वाटून टाकली. मागच्या आठवड्यात वादळानं सकाळपासून संध्याकाळपर्यंत लाइट नव्हती. हे मिलमधून बर्फाची लादी खांद्यावर घेऊन आले, आणि आम्ही दोघं फ्रिजभोवती गोधड्या लावून बसलो. दार एकदाही उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी बघितलं, दगडासारखं घट्ट होतं.

अल्का म्हणते, दहा महिन्यांच्या वर ठेवू नको, चव जाते. ते फेकायचं माझ्यानं होणार नाही आणि खायचंही होणार नाही. तीस तारखेला अक्षय्य तृतीया आहे, आपली अक्ती. मायची पहिलीच. पितरांना घास टाकाल तेव्हा तिला हाच मका द्यावा असं वाटतं. त्या दिवसांत बाडीत मका नसतो, तिच्या हातचा तर आता कधीच नसणार. पण उदारामबरोबर पाठवायचं म्हटलं तर वाटेत उन्हानं विरघळेल.

मी आणून देऊ का? की तुम्ही येता? भाऊकी बोलेल. गुलाबचंदकाका म्हणतील, पितरांना लेकीच्या घरी कुणी बोलावतं का. आणि माझ्या घरी लेकरू नाही, बाबूजी, ते तसंच आहे. तुम्हाला चालेल का, ते लिहा. नाही म्हटलं तरी मी रागावणार नाही.

ओमेश्वरी

*

बोदलकसा
२ मे २०२५

चि. ओमेश्वरी,

तुझ्या पत्राला उत्तर न देता सरळ आलो, कारण लिहीत बसलो असतो तर विचार बदलला असता. घरी सुखरूप पोचलो. गुलाबचंद दारातच बसला होता. "काऊन गा, अक्तीच्या दिवशी चूल थंडी ठेवून कुठं गेलता?" म्हणाला. मी म्हटलं, "तुलसाले जेवाले नेलं होतं."

तुझ्यासमोर बोलता आलं नाही ते लिहितो. तुझ्या घरी चूल नाही हे माझ्या लक्षातच नव्हतं. जवाईबापू इस्त्रीवाल्याकडून घमेल्यात निखारे घेऊन धावत आले, हाताला चटका बसला तरी खाली ठेवलं नाही. असा जवाई मला मिळाला आणि नऊ वर्षं मी त्याच्या घरचं पाणी प्यालो नाही.

तू पाट मांडून ठेवला होतास आणि त्याच्यावर कुणी बसलं नाही. मी निखाऱ्यावर तिच्या नावानं घास टाकला तेव्हा दाणे आधी नुसते चरचरले. मला भीती वाटली, की घेत नाही. मग तेल पेटलं, लसणाचा वास उठला, आणि घास पार जळेपर्यंत तू माझा हात धरून होतीस. सगळा जळला. मी राखेत बोट फिरवून बघितलं, एक दाणा उरला नव्हता.

मग मी जेवलो. मका गोड होता. तिनं पहाटे तोडलेला, आठ महिन्यांनी, तसाच गोड. तिला आधी कुणी दिला असता तर, असं वाटत राहिलं, आणि तरीही मी ताट पुसून खाल्लं.

जूनमध्ये बाडीत मका लावतो आहे. लुगडी अजून कुंपणाला आहेत, ती काढणार नाही.

तू तो घासलेला तांब्या आणलास, मी पाणी प्यालो आणि लगेच पुन्हा मागितलं. उन्हातून आले म्हणून असेल, असं तू जवाईबापूंना म्हणालीस. मला तहान एकदाचीच होती, बाई. दुसरा पेला तिचा होता.

तुझे बाबूजी